‘ड’ तुकडीचं गणित सर्वांत अनुभवी शिक्षकाला द्या : मुख्याध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की तुमच्या टेबलावर कार्यभाराचा तक्ता येतो. दहावी ‘अ’चं गणित कोणाकडे हे बहुतेक शाळांत आधीच ठरलेलं असतं. ज्यांच्या नावाचा दबदबा आहे, ज्यांचा निकाल पालकसभेत सांगता येतो, त्यांच्याकडे ‘अ’ जाते. मग ‘ब’ आणि ‘क’ वाटल्या जातात. उरते ‘ड’. ती नव्या शिक्षणसेवकाच्या, म्हणजे मानधनावर रुजू झालेल्या नवख्या शिक्षकाच्या, पदरात पडते. तो नसेल तर तासिका तत्त्वावर आलेल्या कुणाच्या तरी, आणि तेही कुणी नसेल तर ज्याचे तास भरत नाहीत अशा दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाच्या. (तुकड्या गुणांवरून पाडत नाही, असं कागदावर सगळ्याच शाळा म्हणतात. ‘ड’मध्ये कोण बसतं हे शाळेसमोरच्या वडापाववाल्यालाही ठाऊक असतं.)

मी बरीच वर्षं ‘अ’ला गणित शिकवलं आणि मग ‘ड’ मागून घेतली. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, बाईंचं मुख्याध्यापकांशी काहीतरी बिनसलंय. तसं काही नव्हतं. आज मागे वळून बघते तेव्हा नोकरीतला सगळ्यात रंगलेला काळ तोच वाटतो, आणि हे पत्र त्या रंगण्याविषयी आहे. त्याग, सेवा, दिवा लावणं हे शब्द मी मुद्दाम वापरणार नाही. त्या शब्दांनीच या कामाची वाट लावली आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हे पुण्याचं काम आहे, म्हणजे कंटाळवाणं असणार. माझं म्हणणं उलटं आहे. शाळेच्या इमारतीत खरं गणित जिथे चालू असतं ती खोली ‘ड’ तुकडीची, आणि ती खोली आपण अशा माणसाच्या हवाली करतो ज्याला तिथे काय चाललंय हे अजून दिसत नाही.

‘अ’मध्ये आम्ही काय करतो हे एकदा खरं सांगते. फळ्यावर एक उदाहरण सोडवायचं, दुसरं अर्ध्यावर सोडायचं, तिसऱ्याला मुलं आपल्या पुढे धावत असतात. निम्म्यांचा धडा क्लासमध्ये आधीच होऊन गेलेला असतो. आपण शिकवलं नसतं तरी यातल्या पुष्कळांना आलं असतं. निकाल लागतो, पेढे येतात, आणि त्या निकालात आपला वाटा किती हे आपल्यालाच सांगता येत नाही.

आता ‘ड’मधल्या एका वहीत बघा. ५२ वजा ३८, उत्तर २६. नववीतल्या मुलाचं उत्तर आहे हे. घाईत असलेला शिक्षक यावर फुली मारतो आणि ‘वजाबाकी येत नाही’ असं म्हणून पुढे जातो. पण त्या मुलाला एक वजाबाकी येते आणि ती तो अगदी इमानाने करतो. पाचातून तीन गेले दोन, आठातून दोन गेले सहा. वर कोणता अंक आहे, खाली कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचं, बस. हा नियम त्याला कुणी शिकवला? आपणच. पहिली-दुसरीत ‘लहानातून मोठं जात नाही’ असं शंभर वेळा सांगितलेलं असतं. हातचा घेण्याची वेळ आली तेव्हा तो गैरहजर होता किंवा नुसता गोंधळला होता, आणि जुना नियम घेऊन तो सात वर्षं पुढे चालत आला.

१९७८ साली अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला होता. यातल्या पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मूल चुकीची रीत काटेकोरपणे पाळत असतं आणि ती रीत ओळखली तर पुढच्या गणितात ते काय उत्तर लिहील हे आधीच सांगता येतं, असं त्यांना दिसलं. ‘ड’ला शिकवणाऱ्याच्या हाती पडणारी पहिली मजा हीच. आपण मनात म्हणतो, आता ७४ वजा २९ दिलं तर हा ५५ लिहील. आणि तो लिहितो! त्या क्षणापासून ते मूल ‘ढ’ राहत नाही. आपल्याला त्याचं डोकं वाचता आलेलं असतं.

अपूर्णांकात तर ही गंमत आणखी वाढते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दरवर्षी, प्रत्येक ‘ड’ तुकडीत, निम्म्या वह्यांत हे सापडतं. ‘छेद समान करा, किती वेळा सांगायचं’ असं ओरडून प्रश्न मिटत नाही, कारण एका ठिकाणी हे मूल बरोबर आहे. शनिवारी दोनपैकी एक मॅच जिंकली, रविवारी तीनपैकी एक. एकूण पाचपैकी दोन. मैदानावर हा हिशेब चोख आहे. त्याला फक्त हे कळलेलं नाही की आपण इथे मॅच मोजत नसून एकाच भाकरीचे तुकडे जोडत आहोत. मी तेव्हा छेद समान करायची रीत पुन्हा सांगत बसत नाही. विचारते, दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? जरा वेळ जातो. कुणीतरी म्हणतं, कमी. मग अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं? वर्गात जी शांतता पसरते तीत चाळीस डोकी एकदम चालू असतात. ‘अ’मध्ये ही शांतता मला मिळाली नाही, कारण तिथे सगळ्यांना लसावि आधीच पाठ होता.

क्रिकेटने आणखी एक घोळ घालून ठेवलेला असतो. ३.५ मोठा की ३.४५, असं विचारलं की बरीच मुलं ३.४५ म्हणतात, पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे म्हणून. एकदा एक मुलगा म्हणाला, ३.५ नंतर अजून एक पडला की चार. षटकांच्या फलकावर दशांश चिन्हाचा अर्थ तसाच असतो! सहा चेंडूंची दुनिया आणि दहाची दुनिया एकाच टिंबाने लिहिली जाते. तोवर इतकी वर्षं मी मॅचेस बघत आले होते आणि हे मला जाणवलं नव्हतं.

असंच एक जुनं दुखणं आकडे ऐकून लिहिण्याचं. ‘त्रेपन्न’ म्हटलं की तीन आधी कानावर पडतात, म्हणून ३५ लिहिणारी मुलं आठवी-नववीतही भेटतात. २०१९ मध्ये मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ हा पर्याय दिला, तेव्हा विधानसभेपर्यंत थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी ‘ड’ तुकडीत एक तास बसायला हवं होतं, इतकंच म्हणते.

भागाकार राहिलाच. ६१२ भागिले ६, उत्तर १२. मधलं शून्य गिळलेलं. हे काही माझ्याच शाळेतलं चित्र नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांमध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं होतं, आणि ते सुमारे ४३ टक्क्यांनाच जमलं. म्हणजे दहावीच्या बाकावर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण वर्गसमीकरणाच्या पानासमोर बसून भागाकारालाच अडखळत असतात. त्यांना आपण सूत्रं पाठ करायला लावतो.

शिकवणाऱ्याला स्वतःला काय मिळतं, त्याचं आता सांगते. हुशार मूल ‘उणे गुणिले उणे अधिक’ हे लिहून घेतं आणि पान उलटतं. न समजलेलं मूल विचारतं, का? बी.एड.मध्ये याचं उत्तर मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पदवीला शिकलेलं उत्तर नववीत सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. ३ गुणिले उणे २ म्हणजे उणे ६, २ गुणिले उणे २ म्हणजे उणे ४, १ घेतला तर उणे २, शून्य घेतलं तर शून्य. खाली उणे १ लिहून खडू ठेवला. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘दर वेळी दोन वाढतायत, म्हणजे अधिक दोन.’ तो मुलगा त्या वर्षी तोवर गणिताच्या तासाला बोललेलाच नव्हता.

६ भागिले अर्धा म्हणजे १२ का? भागाकार केला तर उत्तर मोठं कसं आलं? हा प्रश्न मला ‘अ’मध्ये कुणी विचारला नाही. तिथे ‘उलटा करून गुणा’ पुरत होतं. सहा भाकऱ्यांचे अर्धे-अर्धे किती, एवढं म्हटलं की ‘ड’मध्ये प्रश्न सुटतो, आणि आपल्याही मनात एक गाठ सुटते जी आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. गणितात मी जे काही खऱ्या अर्थाने शिकले त्याचा मोठा भाग असाच, पस्तिशीनंतर, नापास होणाऱ्या मुलांकडून आला.

आणि या मुलांना गणित येत नाही असं म्हणताना जरा जपून. बाजाराच्या दिवशी आईच्या टोपलीशी बसणारी मुलगी चाळीस रुपये किलोच्या वांग्यांचे सव्वा किलोचे पन्नास हे तुमचं वाक्य संपायच्या आत सांगते. वर्गात ४० गुणिले १.२५ लिहून द्या, कागद कोरा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात पक्की, शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितात अडलेली. शाळेत जाणारी, बाजारात न बसणारी मुलं नेमकी उलटी. मला त्यातला दुसरा भाग जास्त टोचतो. ‘अ’वाल्यांचंही गणित आपण समजतो तितकं पक्कं नाही.

दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय येतं. एका गवंड्याच्या मुलाने सांगितलं की घराचं लाइनआउट टाकताना त्याचे वडील कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतात, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला म्हणतात. आधी प्रमेय, मग व्यत्यास, म्हणजे तेच उलट दिशेने, असा पुस्तकाचा क्रम. या मुलाला व्यत्यास आधीपासून येत होता. मी विचारलं, खोली मोठी असेल तर? ‘मग सहा-आठ-दहा घेतात बाई, दोरी जेवढी लांब तेवढा फरक कमी पडतो.’ समरूप त्रिकोणांचं प्रकरण आणि मोजमापातल्या चुकीचा विचार, दोन्ही एका वाक्यात! ‘अ’ला प्रमेयाची सिद्धता तोंडपाठ होती. त्या तासाला मी फळ्यावर फारसं काही लिहिलं नाही.

मोबदला म्हणजे निकाल असं तुम्ही विचाराल, तर त्याचंही लपवत नाही. सगळी पास होत नाहीत. काही जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसतात, काही एटीकेटीवर अकरावीला जातात, काही सुटून जातात. पण बदल गुणांच्या आधी दुसरीकडे दिसतो. कच्चं काम बघा. जूनमध्ये या मुलांच्या वहीत उजव्या बाजूची पट्टी कोरी असते, किंवा इतकी खोडलेली की कागद फाटावा. आपली आकडेमोड कुणी बघू नये म्हणून ती खोडतात, तळहातावर करतात, बाकावर करून थुंकीने पुसतात. दिवाळीनंतर कधीतरी ती पट्टी भरायला लागते. उत्तर चुकलेलं असतं, पण कुठे चुकलं हे दाखवायला मूल स्वतः वही घेऊन येतं. घटक चाचणीत वीसपैकी चार असलेलं मूल सातवर येतं तेव्हा तुमच्या निकालपत्रकात काहीही हलत नाही. माझ्या लेखी मात्र वर्ष कारणी लागलेलं असतं. आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘बाई थांबा, सांगू नका, मी करतो.’ पगारवाढ यापेक्षा मोठी असू शकते, नाही असं नाही. पण ती याइतकी लक्षात राहत नाही.

मुलीच्या बाबतीत हे जास्त जड असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. दहावीला गणितात अडकलेल्या मुलीच्या घरी पुरवणीच्या फॉर्मआधी स्थळांचा विषय निघतो. तिथे ३५ हा आकडा नुसता गुण नसतो.

आता तुमच्याकडून होणारं एक काम, जे न बोलता चालतं. नववीच्या निकालानंतर कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवलं जातं. मूल खासगी उमेदवार म्हणून बसतं, शाळेच्या यादीतून नाव जातं, आणि जूनमध्ये गेटवर ‘शंभर टक्के निकाल’चा फ्लेक्स लागतो. सगळ्याच शाळा असं करत नाहीत. ज्या करतात त्यांच्या निकालाचं गणित तिसरीतलं मूलही करील, छेदच कमी केला तर टक्केवारी वाढणारच.

पळवाटा वरूनही येतात. पूर्वी ‘सामान्य गणित’ या सोप्या विषयाचा पर्याय होता, तो बंद झाला. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असं सुचवलं गेलं की गणित आणि विज्ञानात ३५ नसले तरी २० गुणांवर मुलाला पुढे जाऊ द्यावं, मात्र हे विषय पुढे घेता येणार नाहीत. एका विषयापायी मुलाची शाळाच सुटू नये या विचाराला माझा विरोध नाही. भीती वेगळी आहे. २० वर भागतंय म्हटल्यावर ‘ड’ला शिकवायचं कारण स्टाफरूममध्ये आणखी पातळ होईल. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्यासाठी हे दार बंद’ असं सांगायचं असेल, तर आधी त्याला त्या दारापर्यंत नेण्याचा प्रयत्न एखाद्या जाणत्या माणसाने केलेला असावा.

तुम्ही एक हरकत घ्याल, आणि ती रास्त आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुलींनी रोज दोन तास शिकवलं, आणि मुलांची प्रगती झाली. बॅनर्जी-डुफ्लो यांच्या २००७ च्या अभ्यासात हे नोंदलेलं आहे. मग ज्येष्ठ शिक्षकच कशाला? कारण तिसरीत फट एकच असते आणि ती दिसते. नववीत त्या फटीवर सहा वर्षांचे धडे चढलेले असतात. मूल बीजगणितात अडलंय असं वाटतं, पण अडलेलं असतं अपूर्णांकात, आणि अपूर्णांकातही नाही, भागाकारात. ते खणून काढायला इयत्ता पाचवीपासूनचं पुस्तक डोक्यात असावं लागतं, आणि हजारो वह्या तपासलेल्या असाव्या लागतात. २०२३ मध्ये मानधन वाढून १८ हजारांवर आलेला शिक्षणसेवक, ज्याने अजून एकही दहावीची तुकडी बाहेर पडताना पाहिलेली नाही, त्याने हे कुठून आणायचं? त्याला ‘अ’ द्या. ती मुलं त्याला सांभाळून घेतील. त्याचाही आत्मविश्वास वाढेल आणि तुमच्या ‘अ’च्या निकालाला फारसा धक्का लागणार नाही. कारण वर सांगितलंच.

ज्येष्ठ मंडळी कुरकुर करतील. करू द्या. पहिल्या सत्रात मीही केली असती, जर मला कुणी ढकललं असतं. म्हणून ढकलू नका, बोलावून घ्या, आणि ‘तुम्हीच का’ हे सांगा. आजवर ‘ड’ देताना कुणाला कारण सांगितलं गेलेलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतंच.

तक्ता करताना आणखी दोन-तीन गोष्टी बघाव्यात. नववी ‘ड’ ज्याला द्याल त्याच्याकडेच दहावीही ठेवा, एका वर्षात खणणं होतं आणि बांधणं राहून जातं. पहिले काही आठवडे त्याला पाठ्यपुस्तकाच्या मागे राहू द्या, जुलैअखेर किती प्रकरणं झाली असं विचारू नका. मासिक नियोजनाच्या वहीत सही करताना डोळेझाक करता येते हे आपण दोघंही जाणतो. निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या कामांचा विषय इथे काढत नाही, तो तुमच्याही हातात नाही, पण ती कामं वाटताना या माणसाचं नाव शक्यतो खाली ठेवा. आणि ‘ड’चं गणित शेवटच्या तासाला टाकू नका. तेव्हा निम्मी मुलं एसटी चुकेल म्हणून दप्तर भरत असतात. दुसरा तास द्या. तो ‘अ’कडून काढून घ्यावा लागेल.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतली एक गणित शिक्षिका